पाण्याचा हिशेब कोण मागणार?

भिवंडीचा व्यापारी सुताची गोणी विकत घेतो तेव्हा काय करतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो काउंट विचारतो, वजन करून घेतो, एखादा कोन उकलून धागा ताणून पाहतो, आणि मगच पावतीवर सही करतो. कापडाच्या ताग्यात एक दोष सापडला तर तो तागा परत पाठवितो. हाच चोखंदळ गृहस्थ सायंकाळी घरी येऊन पाण्याचा पेला तोंडास लावतो, तेव्हा मात्र त्याची कसोटी एकच असते: पाणी दिसावयास स्वच्छ आहे ना? जो माल परत करता येतो त्याची इतकी पारख, आणि जो एकदा घशाखाली उतरला की परत करता येत नाही त्याची काहीच पारख नाही, हा व्यवहार कोणत्या चोपडीत बसतो ते आम्हांस कळत नाही.

पाण्याच्या बाबतीत डोळा हा अगदी नालायक साक्षीदार आहे. कावीळ, विषमज्वर, पटकी यांची बीजे डोळ्यांस दिसत नाहीत. जिभेस लागत नाहीत. नाकास त्यांचा वास येत नाही. म्हणूनच आपल्या देशाने पिण्याच्या पाण्याचे मानक लिहून ठेविले आहे. 2012 साली सुधारलेल्या या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेचा पुरावा देणारा ई-कोलाय नावाचा जंतू एकही आढळता कामा नये. नळाच्या तोंडाशी पाण्यात दर लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा; विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर हेच प्रमाण 0.5 पर्यंत असावे. पाण्याची गढूळता शक्यतो 1 एककाच्या आत असावी, आणि दुसरा उपाय नसेल तरी 5 च्या पुढे जाऊ नये. ही मापे ठरवावयास विद्वानांना कष्ट पडले. वापरावयास आम्हांस का पडावेत?

आता आमच्या शहराचे पाणी येते कोठून ते पाहू. भिवंडीस पाणी देणारे तीन मार्ग आहेत: शहाड-टेमघर येथील 'स्टेम' योजना, मुंबई महापालिकेकडून मिळणारा वाटा, आणि शहराचा जुना आधार असलेला वऱ्हाळा तलाव. मुंबईच्या तहानेचे तर आमच्या तालुक्याशी फार जुने नाते आहे. 1892 साली तानसाचे पाणी मुंबईस पोहोचले, तेव्हापासून त्या नगरीचे मोठाले नळ आमच्याच तालुक्याच्या अंगावरून जात आहेत. भातसेचे पाणी आमच्याच तालुक्यातील पिसे येथे उचलले जाते आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होऊन पुढे जाते. अर्थात पाणी शुद्ध कसे करावे ही विद्या आम्हांपासून शेकडो कोस दूर नाही. ती आमच्या वेशीवर आहे. मोठ्या योजनांतून शुद्ध होऊन निघालेले पाणी सहसा निर्दोषच असते. मग दोष शिरतो कोठे? तो शिरतो शेवटच्या टप्प्यात: गल्लीच्या तोंडापासून घरातल्या हंड्यापर्यंत.

जुन्या वस्तीत कोणीही पहाटे फेरी मारावी. घरोघरची नळजोडणी उघड्या गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेली दिसते. नळ गंजलेला, सांधा सुटलेला, आणि त्यावर चिंधी गुंडाळलेली. जोपर्यंत नळात पाण्याचा दाब आहे तोपर्यंत पाणी बाहेर गळते, आत काही येत नाही. परंतु पाणी चोवीस तास नसते. ठराविक वेळ येते आणि जाते. ते गेले की नळ रिकामा होतो, आणि त्याच भोकातून गटाराचा रस आत शिरतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर तो आमच्या घरी येतो. ही गोष्ट समजावयास रसायनशास्त्राची पदवी नको. पिचकारी हाती धरलेले मूलही ती समजेल.

यातून काय अनर्थ होतो याचे दाखले दूर शोधावयास नकोत. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला व शहराचे सांडपाणी वझिराबाद येथील उपशाच्या जागेपर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन वाढविले. त्यामुळे विषमज्वर व अतिसार बळावले नाहीत. पण त्या हिवाळ्यात सुमारे 29,000 लोकांस कावीळ झाली. जतन केलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कळले की हा हिपॅटायटिस-ई नावाचा विषाणू होता. गर्भवती स्त्रियांस तो विशेष घातक असतो. त्या आपत्तीनंतर 1958 साली आपल्याच नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिलाच आज 'नीरी' म्हणतात. दिल्लीने शिकविलेला धडा एवढाच: मैला पाण्यात मिसळू देऊन मग त्यावर औषध ओतणे हा उपाय नव्हे. आणि आमच्याच धंद्याचे भावंड असलेले इचलकरंजी शहर पाहा. मागांचा तोच खडखडाट, तीच कामगार वस्ती. 2012 साली तेथे काविळीची साथ उसळली आणि माणसे दगावली. इचलकरंजीस जे घडले ते भिवंडीस घडणार नाही, असे लिहून देणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावे.

येथवर वाचून आमचे वाचक म्हणतील, 'बरे झाले, महापालिकेस चांगले सुनावले.' थांबा, दुसरा आरोपी घरातच आहे. पाणी कमी येते म्हणून आम्ही काय करतो? नळाला थेट पंप जोडतो. हा पंप केवळ शेजाऱ्याचे पाणी ओढत नाही. तो नळात पोकळी निर्माण करून गटाराचे पाणीही ओढतो. शेजाऱ्याचा हंडा रिकामा राहतो आणि आमच्या हंड्यात घाण येते. चोरीच्या मालात विष निघावे तसा हा न्याय आहे! जिन्याखालच्या टाकीचे झाकण फुटलेले, तिला लागून शौचकूप, गच्चीवरची टाकी गेल्या कित्येक पावसाळ्यांत धुतलेली नाही. आणि तरी आम्ही म्हणतो की सरकार काही करीत नाही.

म्हणून प्रत्येक गृहस्थाने आपल्या घराची तपासणी स्वतः करावी, असे आमचे सांगणे आहे. रस्त्यापासून घरापर्यंतचा आपला नळ कोठून जातो ते पाहावे. तो गटारातून जात असेल तर वर उचलून घ्यावा. टाकी वर्षातून निदान दोनदा उपसून, घासून धुवावी. शंका असेल तेव्हा 1,000 लिटर स्वच्छ पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून घालावी व तासभर पाणी वापरू नये. ही पावडर उघडी राहिली की तिचा गुण उडून जातो, हे ध्यानात ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहण्याचे थेंब स्वस्त मिळतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर सावध व्हावे. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. दांड्याचा ओगराळा वापरावा. हंड्यात हात बुडवू नये.

घराची तपासणी करताना भिंतीही पाहाव्या. झिरपणारा नळ भिंत ओली करतो, ओलीने लोखंड गंजते, गंजाने सिमेंट फुटते. त्यात खालच्या मजल्यावर मागांची थरथर असेल तर विचारावयास नको. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतच सुमारे 40 जीव गेले. ती का पडली याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण घर आपल्याशी बोलत असते, भेगा आणि ओल ही त्याची भाषा आहे, आणि ती न ऐकणे महाग पडते, एवढे त्या ढिगाऱ्याने भिवंडीस शिकविले आहे.

कोणी म्हणेल, 'आम्ही घरी यंत्र बसविले आहे. आम्हांस काय त्याचे?' ज्याला परवडते त्याने यंत्र जरूर बसवावे. पण त्याच्या कारखान्यात बारा बारा तास माग चालविणारा कामगार कोणते पाणी पितो? एका खोलीत दहा जण राहणाऱ्या त्या बिचाऱ्यांस यंत्र कोठले? तो आजारी पडला की माग बंद पडतो, आणि माग बंद पडला की मालकाचा हिशेबही बिघडतो. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाण्याचा हक्क बजाविला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. पाण्यापर्यंत पोहोचण्याची ती बंदी कायद्याने गेली. आज गल्लीगल्लीप्रमाणे पाण्याचा कस बदलत असेल, तर तो भेद नव्या रूपाने उभा आहे असेच म्हणावे लागेल.

आता कायद्याचे दोन शब्द. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 63 व्या कलमान्वये पाणीपुरवठा हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ते मेहेरबानीचे काम नव्हे. 1980 साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर पालिकेने 'आमच्यापाशी पैसा नाही' अशी सबब सांगितली. उघडी गटारे व दुर्गंधी यांनी गांजलेल्या रहिवाशांच्या बाजूने निकाल देऊन सर्वोच्च न्यायालयाने ती सबब झिडकारली. 1991 साली त्याच न्यायालयाने निर्मळ पाणी व हवा हा जीविताच्या हक्काचाच भाग होय असे सांगितले. कायदा आमच्या बाजूस आहे. तो वापरणारे हात हवे आहेत.

आमची मागणी लांबलचक नाही. प्रत्येक प्रभागात नळाच्या तोंडाशी घेतलेल्या पाण्याचे नमुने दर आठवड्यास तपासले जावेत, आणि क्लोरीन किती व जंतू आढळले की नाही याचा तक्ता प्रभाग कार्यालयाच्या दारावर मराठी, हिंदी व उर्दू अशा तिन्ही भाषांत लावला जावा. नमुना शुद्धीकरण केंद्रातला नव्हे, गल्लीतला हवा. हा तक्ता लावावयास नवे धरण बांधावे लागत नाही. एक शाईची दौत आणि थोडी लाज पुरे. तोपर्यंत माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. कोणत्याही नागरिकाने 10 रुपयांचा अर्ज करून आपल्या गल्लीचे निकाल मागावेत.

व्यापाऱ्यांनो, दिवाळीस तुम्ही वहीपूजन करता आणि वर्षाचा हिशेब चुकता करता. यंदा त्या वहीत एक पान पाण्याचेही घाला: टाकी केव्हा धुतली, नळ कोठे गळतो, तपासणीचा निकाल काय आला. आणि कारखान्यात कामगारांसाठी ठेविलेल्या पिंपाचे पाणीही त्याच पानावर नोंदा. हिशेब मागणारा ग्राहक असला की दुकानदार वजनात मारीत नाही. पालिकाही त्यास अपवाद नाही. पण हिशेब मागण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने प्रथम आपल्या जिन्याखालच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहिले आहे.