हेलिकॉप्टरच्या कसरतींचे फोटो : हुन्नर शिका, पण जागा आधी पाहा

लग्नसराई संपली की फोटो स्टुडिओचा गल्ला थंडावतो. पासपोर्ट फोटोचे कामही मोबाईलने बरेचसे नेले. अशा वेळी इतरांना सहज न जमणारा हुन्नर ज्याच्या हाती आहे, त्याचेच दुकान तग धरते. पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यातील फोटोग्राफर बांधवांपुढे आज आम्ही असाच एक हुन्नर मांडत आहोत. तो म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरच्या कसरतींचे फोटो काढणे. वरकरणी हा पोरखेळ वाटेल. परंतु वेगाने फिरणारी वस्तू टिपण्याचा हात याच कामात पक्का होतो. आणि जागा न पाहता हे काम घेतले, तर याच भागात कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची भीतीही मोठी आहे. म्हणून दोन्ही बाजू सांगणे आवश्यक आहे.

हे खेळणे नव्हे

रिमोटचे हेलिकॉप्टर माणसाच्या ताब्यात राहून उडू शकते, हे जर्मनीच्या डिएटर श्लुटर यांनी १९७० च्या सुमारास करून दाखवले. आजची मॉडेल कोलांट्या मारतात, उलटी होऊन हवेत स्थिर राहतात. पात्यांचा कोन उडता उडता उलट फिरवता येतो आणि हवा दुसऱ्या बाजूला ढकलता येते, म्हणून हे शक्य होते.

मोठ्या मॉडेलच्या पंख्याचा व्यास सुमारे दीड मीटर असतो आणि तो मिनिटाला २००० च्या आसपास फेरे घेतो. हिशेब केला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच मॉडेलच्या पात्याने जागीच ठार झाला. म्हणून चांगल्या फोटोसाठी पुढे सरकण्याचा मोह टाळावा. लांब पल्ल्याची लेन्स वापरावी, उडवणाऱ्याच्या मागे उभे राहावे आणि सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा.

शटरचा हिशेब

नवा माणूस येथेच चुकतो. वस्तू वेगवान म्हणून तो शटर १/४००० वर नेतो. इतक्या वेळात पाते जेमतेम ३ अंश फिरते. फोटोत पंखा थांबलेला दिसतो आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यासारखे वाटते. १/१००० ला पाते १२ अंश फिरते, १/५०० ला २४ आणि १/२५० ला ४८. पंख्याची पूर्ण चकती दिसण्यासाठी १/६० च्या जवळ यावे लागते. पण तेवढ्यात हेलिकॉप्टरच हलून जाते. म्हणून सुरुवात १/२५० ते १/५०० च्या दरम्यान करावी आणि हेलिकॉप्टरबरोबर कॅमेराही फिरवत न्यावा. धड स्पष्ट आणि पाती वाहती, असा फोटो गिऱ्हाईक पैसे देऊन घेतो.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पांढऱ्या आभाळापुढे मॉडेल काळे पडते, म्हणून उजेड एक स्टॉप वाढवावा. दुसरी, कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावे. बहुतेक कॅमेऱ्यांत ते चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे सरळ पाते केळ्यासारखे वाकडे येते. मोबाईलच्या फोटोत हा दोष नेहमी दिसतो. तिसरी, बॅटरीवरचे एक उड्डाण काही मिनिटांतच संपते. कोणती कसरत कोणत्या क्रमाने होणार, हे उडवणाऱ्याला आधीच विचारून घ्यावे. गिरकीच्या माथ्यावर वेग क्षणभर मंदावतो. बोट तेव्हा दाबावे.

सरावाला खर्च नाही. छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. त्यावर १/४० ला पाते जेवढे पसरलेले दिसते, साधारण तेवढेच हेलिकॉप्टरचे १/२५० ला दिसते. दुकानात बसल्या बसल्या नजर तयार होते.

पैसा कोठे आहे?

हेलिकॉप्टर उडवणारे शौकीन थोडेच आहेत. केवळ त्यांच्यावर दुकान चालणार नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने उडवण्याच्या स्पर्धा होतात, तेथे हे काम उपयोगी पडेल. पण खरी कमाई पुढे आहे. हाच हात फवारणीच्या ड्रोनला चालतो. महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन देण्याची योजना केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. अशा ड्रोनच्या विक्रेत्याला शेतावर उडणाऱ्या यंत्राचे फोटो लागतात. तारापूर एमआयडीसीतील कारखानदाराला माहितीपत्रकासाठी फिरणारी मशीन, पंखे आणि पंप यांचे फोटो हवे असतात. यंत्र बंद करून काढलेला फोटो मृत वाटतो. चालू यंत्राचा नेटका फोटो जो देईल, त्याला दर ठरवताना फार घासाघीस सोसावी लागणार नाही.

आधी नकाशा, मग बयाणा

आता दुसरी बाजू. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासूनचे आहे. अशा मनाई असलेल्या ठिकाणाजवळ फोटो काढणे हा १९२३ च्या सरकारी गुपिते कायद्याखाली गंभीर मामला होऊ शकतो. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या विभागांत वाटले आहे. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. खेळाचे मॉडेल या नियमांबाहेर आहे, असा समज आढळतो. तो खोटा आहे. २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची व्याख्याच या नियमांत दिलेली आहे, आणि ते नजरेच्या टप्प्यातच उडवावे लागते. आपला लग्नाचा ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल आणि धंद्यासाठी वापरला जात असेल, तर उडवणाऱ्याकडे पायलटचे प्रमाणपत्र असावे लागते.

तेव्हा ऑर्डर आली की पहिला प्रश्न जागेचा विचारावा. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी पाहावा, कारण विभाग बदलतात आणि तात्पुरती बंदीही लागू शकते. जागामालकाची संमती लेखी घ्यावी. उडवणाऱ्याची कागदपत्रे पाहून त्यांची प्रत ठेवावी. स्थानिक पोलीस ठाण्याला अर्ज देऊन पोच घ्यावी. जागा लाल विभागात किंवा अणुकेंद्राच्या आसपास असेल, तर काम दुसऱ्या मैदानावर न्यावे, नाहीतर सोडून द्यावे. गिऱ्हाईक म्हणेल, "सगळे सांभाळून घेतले आहे, तुम्ही फक्त या." त्यावर विसंबू नये. चौकशी सुरू झाली की उडवणाऱ्याइतकाच कॅमेरा धरणाराही विचारला जातो. कॅमेरा जप्त झाला तर पुढची लग्नसराईही हातची जाते.

बयाणा घेतानाच पावतीवर ठिकाण, वेळ आणि फोटो कोण वापरणार, हे लिहून घ्यावे. या चार ओळींना पाच मिनिटे लागतात. हुन्नर आपल्या मेहनतीने येतो, तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण दुकानाचे नाव एका बेफिकीर दुपारी जाऊ शकते. आमच्या बांधवांनी पंख्याखाली बसून शटरचा सराव आजच सुरू करावा आणि नकाशा पाहण्याची सवयही त्याबरोबरच लावून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.