निश्चय नेमका कुठे खर्च होतो?

एखाद्याची दारू सुटत नाही, एखादीचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास दोन महिन्यांत ढेपाळतो, कुणाचे पहाटेचे फिरणे पहिल्या पावसाबरोबर बंद पडते. अशा वेळी आपला निकाल ठरलेला असतो : मनाचा निग्रह कमी पडला. इच्छाशक्ती ही माणसाच्या आत असलेली ताकद आहे, ती ज्याच्याकडे जास्त तो मोहाशी रोज झुंजतो आणि जिंकतो, असे आपण धरूनच चालतो. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि आधीच हरलेल्या माणसाला आणखी खाली ढकलणारी म्हणून क्रूरही वाटते. निश्चयी माणसांना रोज झुंजावे लागत नाही. झुंजायची वेळच कमी येईल अशी त्यांनी आपल्या दिवसाची घडी बसवलेली असते, आणि त्यांचा निश्चय मुख्यतः ती घडी बसवताना खर्च झालेला असतो.

जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहर आणि परिसरात विल्हेल्म हॉफमन व सहकाऱ्यांनी २०५ प्रौढांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा, विचारले : आत्ता कसली इच्छा होते आहे, आणि ती तुम्ही आवरता आहात का? हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. स्वतःवर चांगला ताबा असलेली माणसे सतत मोह आवरताना सापडतील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती इतरांपेक्षा कमी वेळा मोह आवरताना आढळली, कारण ज्या इच्छांशी भांडावे लागते त्या त्यांच्या वाट्याला कमी येत होत्या. त्याआधी, १९९८ साली, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांचा प्रयोग गाजला होता. समोर चॉकलेटची बिस्किटे असताना ज्यांना मुळे खावे लागले, त्यांनी नंतर न सुटणारी कोडी लवकर सोडून दिली. त्यावरून इच्छाशक्ती वापरली की संपते, असा सिद्धान्त मांडला गेला आणि त्यावर पुस्तकेही खूप निघाली. मात्र २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर त्या सिद्धान्ताची चाचणी घेतली, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे मनातल्या ज्या साठ्याचा आपण हिशेब मांडतो, तो तसा असल्याचा पुरावाच डळमळीत आहे.

आपल्याकडे निग्रहाचा विषय निघाला की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव येते, आणि त्यांच्या आयुष्यातला एकच प्रसंग हमखास सांगितला जातो : परीक्षेसाठी कोकणातल्या आपल्या मुरुड गावाहून साताऱ्यापर्यंत, घाट ओलांडून, शंभरावर मैलांची पायपीट. त्या पायपिटीचा शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही. वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. ती जिद्द विलक्षण होती, तरी त्यांचे आयुष्य तिच्यावर उभे राहिलेले नाही. ते उभे राहिले पुढच्या, दिसायला साध्या निर्णयांवर. पुण्यात कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य म्हणजे त्या काळी तुटपुंज्या पगारावर दीर्घकाळ शिकवायला बांधलेला माणूस. हे बंधन कर्व्यांनी पत्करले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, मुरुडकरांनी वाळीत टाकले, आणि माघारीची वाटच उरली नाही. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला आणि पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेज आटोपून संध्याकाळी हिंगण्याला चालत जाणाऱ्या कर्व्यांना, आज जावे की नको, असा प्रश्न रोज स्वतःला विचारावा लागत नव्हता. तिथे मुली वाट पाहत होत्या. निष्काम कर्ममठ काढला तेव्हा त्यांनी कार्यकर्त्यांना शपथेनेच बांधून घेतले. १९१६ सालचे महिला विद्यापीठ या सगळ्या बांधणीतून आले. कर्वे थकत नव्हते असे म्हणण्यापेक्षा, थकल्या दिवशीही काम अडू नये अशी व्यवस्था त्यांनी उभी केली होती, हे म्हणणे मला जास्त खरे वाटते.

वारकऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटले. तो नेम मनात राहत नाही, गळ्यात दिसतो. माळकऱ्यासमोर कुणी पेला सरकवत नाही, आणि माळ घालून गुत्त्यावर जायचे तर अख्ख्या गावाच्या नजरेखालून जावे लागते. आळंदी ते पंढरपूर पायी जाणाऱ्यालाही आपल्या निश्चयाचा भार एकट्याने वाहावा लागत नाही. मुक्काम ठरलेला, वेळ ठरलेली, आणि शेजारचा चालतो म्हणून आपणही चालतो.

यावर आक्षेप येईल की या सगळ्या कुबड्या झाल्या, खरा निग्रही तो मोहासमोर बसून हलत नाही. पण दारू सोडू पाहणाऱ्याला गुत्त्यात बसवून त्याची परीक्षा घेण्यात शहाणपण कसले? सुटणे महत्त्वाचे, का सुटताना किती त्रास झाला हे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माळ घालायचे ठरवायला, शपथ घ्यायला इच्छाशक्ती लागतेच ना? लागते, हे मान्यच आहे. शिवाय दीर्घ आजारपण, वियोग, तुरुंगवास अशा काही प्रसंगांत कसलीच मांडणी हाती नसते आणि माणूस केवळ मनाच्या बळावर तगतो. ते बळ मी नाकारत नाही. मात्र रोजच्या आयुष्यात ते लावायची जागा आधीची आहे. रात्री अकरा वाजता मोबाइल खाली ठेवायला जेवढा जोर लागतो, त्याच्यापेक्षा कितीतरी कमी जोरात तो संध्याकाळीच दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. त्यामुळे जबाबदारी टळत नाही, ती काही तास अलीकडे येते.

दुसरी खोली असेल तर, हेही इथेच म्हणायला हवे, कारण अशी सोय प्रत्येकाकडे नसते. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा मुलांपुढे गोड पदार्थ ठेवून थांबायला सांगणारा प्रयोग संयमाचे महत्त्व पटवण्यासाठी वर्षानुवर्षे सांगितला गेला : जी मुले थांबली ती पुढे यशस्वी झाली. २०१८ साली टायलर वॉट्स व सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती आणि लहानपणीच्या इतर बाबी हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. आपल्या दिवसाची घडी आपल्या हाताने बसवायची, तर जागा, वेळ आणि थोडा पैसा लागतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत राहायची खोली असूनही विद्यार्थी अभ्यासिकेतल्या एका खुर्चीसाठी दरमहा पैसे मोजतात. आजूबाजूला सगळे वाचत बसलेले असले की आपणही बसतो, हे त्यांना बरोबर कळलेले आहे. ज्याला ती खुर्ची परवडत नाही आणि ज्याच्या एका खोलीच्या घरात सहा माणसे नि रात्रभर चालणारा टीव्ही आहे, त्याला दहावीच्या वर्षी जिद्दीवरची व्याख्याने भरपूर ऐकायला मिळतात. रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी विनामूल्य अभ्यासिका त्याच्या वस्तीत आहे का, हा प्रश्न ती व्याख्याने ठेवणाऱ्यांनी आपल्या नगरपालिकेला आधी विचारावा.