मेट्रोचा नकाशा आणि आपला धंदा

आळंदी-चाकणच्या व्यापारी बांधवांनी मेट्रोचा नकाशा नीट वाचावा. जांभळी रेघ पिंपरी ते स्वारगेट, निळसर रेघ वनाझ ते रामवाडी. दोन्ही भेटतात ते वर्तुळ म्हणजे सिव्हिल कोर्ट. तिथे जांभळी गाडी जमिनीखाली, निळसर उंच पुलावर. त्याच तिकिटावर गाडी बदलते. कापडाचा गठ्ठा सोबत असेल तर लिफ्ट गाठावी, एवढा चढ नकाशात दिसत नाही. नावावरही जाऊ नये. २०२२ साली भोसरी नावाने सुरू झालेले स्टेशन नाशिक फाट्याला आहे, भोसरी गावात नव्हे.

तुटक रेघ म्हणजे काम बाकी. निगडीच्या मार्गाचे भूमिपूजन मार्च २०२४ मध्ये झाले. अशा रेघेवर कोणी "स्टेशन आलेच" म्हणून वाढीव पागडी मागितली, तर आम्ही देणार नाही. मंडईत गाडी थांबू लागली ती २९ सप्टेंबर २०२४ पासून. त्याआधी कित्येक वर्षे तिथल्या दुकानदारांनी खोदकामच पाहिले.