आधी तिला विचारा

माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. पुण्याच्या मुलाने गोळीची आठवण करून देणारं घड्याळ पाठवलं, त्यात स्वतःचा आवाज भरून: "आई, गोळी घे." ते वाजलं की ती गोळी विसरायची आणि त्याला घरभर शोधायची. "आला का बाबू? कुठी बसला?" मला कोणी विचारलं असतं, तर घड्याळ बरोबर चालतं, असंच मी सांगितलं असतं. त्रास काय होता, ते तिच्याकडे पाहूनच कळलं. आता साधी घंटी वाजते, गोळी मी हातावर ठेवतो.

मी निवृत्त लाईनमन. संडासाच्या वाटेवर हालचालीने लागणारा दिवा बसवला, तर ती दचकली, "कोनं लावला?" रात्रीचं तिला सकाळी आठवत नाही, म्हणून त्याच वेळी, तिथेच उभं राहून, दोन्ही प्रकारचे दिवे लावून दाखवले. तिने रात्रभर मंद जळणाऱ्या दिव्याकडे बोट केलं. विचारायचं ते असं: वस्तू समोर ठेवून, एका वेळी एकच छोटा प्रश्न. शब्द सापडला नाही, तर चेहरा आणि हात पाहायचे. दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारायचं.

असं विचारणं नवं नाही. 2001 ते 2004 या काळात युरोपातल्या पाच देशांत 'एनेबल' प्रकल्पाने रात्रीचा दिवा, हरवलेली वस्तू शोधून देणारं यंत्र, कॅलेंडर अशा वस्तू स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी देऊन पाहिल्या. रुग्णांना विचारलं, सांभाळणाऱ्यांनाही विचारलं. पुढे इंग्लंडमधल्या 'अटिला' चाचणीत 495 जण होते. 2021 साली निष्कर्ष आला: उपकरणांचा मोठा संच दिल्याने माणसं स्वतःच्या घरी जास्त काळ राहिली नाहीत. उपकरणं वाढवली की आधार वाढतो, हे मला कधीच पटलं नव्हतं.

आपल्या देशात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, हा आजार आहे. खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त. मग उपकरणाची परीक्षा आमच्या पारशिवनीसारख्या गावात, अंगणापलीकडे संडास असलेल्या, वीज जाणाऱ्या घरात व्हायला हवी.

बनवणाऱ्यांनो, आमच्याकडे या, पण प्रश्न मला नको, तिला विचारा. आणि तुमच्या घरी असं कोणी असेल, तर वस्तू घेण्याआधी ती त्यांच्या हातात द्या. त्यांनी बाजूला सारली, तर ती परत करा.