फडाच्या आठवणी आणि क्रियापदाची साक्ष

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हे दोन तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. प्रादेशिक दृष्ट्या हा मुलूख कोकणाचा असला, तरी घाटवाटांनी तो देशाशी फार प्राचीन काळापासून जोडलेला आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन प्राकृत लेख भाषेच्या अभ्यासकांस परिचित आहेत. तो घाट जुन्नरच्या पठारावरून मुरबाडच्या बाजूस उतरतो. आजचा गाडीरस्ता माळशेज घाटाने येतो. घाटमाथ्यापलीकडे जुन्नर तालुक्यातच नारायणगाव आहे. तमाशाचे हे एक प्रमुख केंद्र असून निरनिराळ्या फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी देतात. त्यामुळे ढोलकीफडाची कला मुळात देशावरची असली, तरी घाटाखालच्या रसिकांस ती परकी राहिली नाही. मुरबाड–कर्जत रस्त्यावरील म्हसा या गावी पौष पौर्णिमेस भरणारी खांबलिंगेश्वराची यात्रा बैलांच्या बाजाराकरिता जशी प्रसिद्ध आहे, तशीच ती तंबूतील तमाशाकरिताही प्रसिद्ध आहे.

गॅसबत्तीच्या उजेडात हे तमाशे ज्यांनी पाहिले ते रसिक आता वृद्ध झाले आहेत. लोककलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास त्यांच्या आठवणींवाचून गत्यंतर नाही. प्रत्येक रात्रीचा गण, गौळण, बतावणी आणि वग यांचे लिखित टिपण कोणी ठेवीत नसे. सोंगाड्याची कोटी तर प्रसंगानुसार आयत्या वेळी सुचलेली असे. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो, की साठ वर्षांपूर्वी पाहिलेल्या प्रयोगाविषयी आज जे सांगितले जाते त्यातील किती भाग प्रत्यक्ष पाहिलेला, किती अनेक रात्रींच्या मिश्रणातून झालेला आणि किती केवळ ऐकीव, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी सांगणाराच्या क्रियापदांत दडलेले असते, आणि आठवणी लिहून घेताना नेमके तेच आपण बदलून टाकतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पुढील उदाहरणवाक्ये विवेचनाच्या सोयीसाठी रचली आहेत. ती कोणा विशिष्ट व्यक्तीची विधाने नव्हेत.

प्रथम रीतिभूतकाळाचा विचार करू. 'फड येई', 'फड येत असे' आणि 'फड यायचा' या तिन्ही रूपांनी भूतकाळात पुनःपुन्हा घडणारी क्रिया सांगितली जाते. त्यांपैकी 'येई' हे रूप जुन्या मराठीत वर्तमानाचे होते. 'यायचा' हे 'यावयाचा' या रूपापासून आले. बोलीत आज बहुधा हे तिसरेच ऐकू येते. 'वग पहाटेपर्यंत चालायचा' असे जेव्हा एखादा रसिक सांगतो, तेव्हा तो कोणत्याही एका रात्रीची साक्ष देत नसतो. अनेक रात्रींतून त्याने काढलेला तो निष्कर्ष असतो. या निष्कर्षाचे मोल कमी आहे असे मात्र नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध पडले. पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाची रीत त्यापूर्वीची होय. रीतिभूतकाळ येथे संस्थेचा इतिहास सांगतो. प्रसंगाचा इतिहास तो सांगू शकत नाही.

प्रसंगाचा इतिहास साध्या भूतकाळात येतो. 'ढोलकीवाला उठला, तुणतुणेवाला थांबला, आणि बाईने गौळण धरली' या वाक्यात क्रियांचा क्रम आहे, आणि तो उलटा केल्यास हकिकतच बदलते. विल्यम लबोव्ह व जोशुआ वॅलेट्स्की यांनी १९६७ साली मौखिक कथनाचे जे विश्लेषण केले, त्यात याच क्रमबद्धतेला कथनाचे मुख्य लक्षण मानले आहे. त्या कसोटीने पाहता 'यायचा, वाजायचा, चालायचा' अशी कितीही वाक्ये एकापुढे एक मांडली, तरी त्यांतून वर्णन होते, कथन होत नाही. बोलता बोलता वृद्ध रसिक 'यायचा'वरून एकाएकी 'आला'वर येतो, त्या ठिकाणी एका विशिष्ट रात्रीची आठवण उघडलेली असण्याचा संभव असतो. ऐकणाराने तेथे थांबून पुढचे विचारले पाहिजे.

या दोन काळांत मराठीपुरता आणखी एक भेद आहे. 'मी तमाशा पाहिला' हे वाक्य पुरुषाच्या तोंडी आणि स्त्रीच्या तोंडी एकसारखेच असते, कारण कर्मणिप्रयोगात क्रियापद 'तमाशा' या कर्मानुसार चालते. परंतु 'मी तमाशा पाहायचो' आणि 'मी तमाशा पाहायचे' या वाक्यांत सांगणारा पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापदच सांगून टाकते. तमाशाच्या प्रेक्षकवर्गात स्त्रियांचे स्थान कोणते होते, हा प्रश्न ज्यास महत्त्वाचा वाटतो त्याने या भेदाकडे दुर्लक्ष करू नये. तिसरी एक रचना याहूनही बोलकी आहे: 'आम्हांला घरी ढोलकी ऐकू यायची.' येथे अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. ती कर्ती नाही. कनातीच्या आत बसून ज्याने तमाशा पाहिला तो 'आम्ही ऐकायचो' असे म्हणेल. जिला रात्री तंबूकडे जाण्याची मुभा नव्हती तिला 'ऐकू यायचे'. संग्राहकाने या दोन्ही वाक्यांचे 'आम्ही ढोलकी ऐकत असू' असे एकच शुद्ध रूप केले, म्हणजे कनातीच्या आत आणि बाहेर यांतील भिंतच तो पुसून टाकतो.

आता ऐकीव गोष्टींचा विचार. मराठीत 'म्हणे' हा एक लहानसा शब्द वाक्याच्या पोटात किंवा शेवटी येऊन विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवितो. 'त्या वर्षी दोन फडांचा सामना झाला म्हणे' असे म्हणणाराने तो सामना पाहिलेला नसतो, आणि तसे तो प्रामाणिकपणे सांगतही असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयीची एक हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. गरोदरपणी त्या फडावर उभ्या राहिल्या, प्रयोग चालू असताना पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, अशी ती हकिकत आहे. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या या कलावतीचा लौकिक एवढा मोठा, की ही हकिकत ज्याने ऐकली त्याला ती आपल्या अनुभवाचाच भाग वाटू लागणे स्वाभाविक आहे. पहिल्यांदा सांगताना तो 'आल्या म्हणे' असे सांगेल. दहाव्यांदा सांगताना 'म्हणे' गळून पडते आणि 'आल्या' एवढेच उरते. यात कोणी खोटे बोलत नसतो. मात्र साक्षीची जात बदललेली असते. म्हणून 'म्हणे' हा शब्द पाल्हाळ समजून गाळणारा संपादक, जी झीज घडावयास अनेक वर्षे लागली असती, ती एका फटक्यात पुरी करतो.

कालनिर्देशाचेही असेच आहे. म्हशाची यात्रा तिथीने ठरलेली असल्यामुळे दिवसाविषयी सहसा शंका राहत नाही. प्रश्न असतो तो वर्षाचा. 'म्हशाला आला होता' या वाक्यात 'म्हशाला' हे पद स्थळ सांगते की 'दिवाळीला' या पदाप्रमाणे वेळ सांगते, हेही संदर्भावाचून कळत नाही. वर्ष सांगण्याकरिता रसिक सनाचा आधार क्वचित घेतो. कोयनेचा भूकंप (१९६७), मोठा दुष्काळ (१९७२), भातसा धरणाचे बांधकाम, गावात वीज येणे, अशा सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांच्या अलीकडे वा पलीकडे तो आपला तमाशा ठेवतो. येथे पूर्णभूतकाळ उपयोगी पडतो: 'वीज आली नव्हती, तेव्हा तो फड आला होता.' दोन घटनांचा पौर्वापर्यसंबंध त्यात स्पष्ट असतो. १९६७ किंवा १९७२ असा सन मागाहून कंसात घालावयास हरकत नाही. परंतु मूळ वाक्यातील घटना काढून तिच्या जागी सन घालणे म्हणजे साक्षीदाराने न दिलेली साक्ष नोंदविणे होय.

या ठिकाणी दूरच्या एका कलाप्रकाराशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९७०च्या सुमारास 'सदर्न रॉक' या नावाने ओळखले जाणारे वाद्यवृंद पुढे आले. त्यांचे चाहतेही मैफलींच्या आठवणी अशाच जिव्हाळ्याने सांगतात, आणि 'लिनर्ड स्किनर्ड' या वृंदातील काही कलावंत ज्या विमान अपघातात दगावले, तो ऑक्टोबर १९७७चा अपघात त्यांच्या कालगणनेत पूर्व आणि उत्तर अशी सीमारेषा आखतो. परंतु 'ऑलमन ब्रदर्स बँड'ने मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट येथे केलेल्या वादनाचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. कोणत्या गीतानंतर कोणते गीत वाजले याविषयी वाद झालाच, तर ते पुन्हा ऐकता येते. आपल्याकडे काही लावण्यांच्या व वगांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, कालांतराने ध्वनिफितीही आल्या. तथापि एखाद्या यात्रेतील एका रात्रीचा संपूर्ण तमाशा, त्यातील दौलतजादा, फर्माईश आणि प्रेक्षकांच्या आरोळ्या यांसह मुद्रित झालेला सापडणे विरळा. आठवण ताडून पाहण्याचे बाहेरचे साधन जेथे दुर्बळ असते, तेथे आठवणीच्या अंतर्गत रचनेवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

आणखी एक मुद्दा आदरार्थी बहुवचनाचा आहे आणि तो सर्वांत नाजूक आहे. रसिक 'विठाबाई आली' असे म्हणतो. लिहून घेणारा सद्‌भावनेने 'विठाबाई आल्या' असे लिहितो. मराठीत एकवचनाचे अर्थ अनेक आहेत. आई येते, विठोबा येतो, जिवलग मित्र येतो. तेथे एकवचन जवळिकीचे असते. ज्याला समाजाने खालचा मानले त्यालाही एकवचनानेच संबोधले जात आले आहे. तमाशा कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या समाजांतून आले, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. रात्री जिच्या लावणीवर पैसे उधळले, तिला दिवसा गावात कोणत्या शब्दांनी हाक मारली जाई, हा तमाशाच्या इतिहासातील गौण प्रश्न नव्हे. एका विशिष्ट वाक्यातील एकवचन प्रेमाचे की तुच्छतेचे, हे आसपासच्या वाक्यांवरूनच ठरवावे लागते, आणि कित्येकदा ती दोन्ही त्यात एकत्र असतात. बहुवचन करून आपण कलावतीचा सन्मान केला असे वाटते. वस्तुतः तिला मिळालेले प्रेम आणि तिला सोसावी लागलेली अवहेलना या दोहोंचा पुरावा आपण नष्ट केलेला असतो.

या विवेचनावरून संग्राहकाच्या कामाविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रश्नाचा काळ उत्तराचा काळ ठरवितो. 'तुमच्या वेळी तमाशा कसा असायचा?' असे विचारल्यास 'असायचा'चीच उत्तरे मिळतील. 'शेवटचा फड कोणता पाहिला?' असे विचारल्यास प्रसंग हाती लागण्याची शक्यता अधिक. दोन्ही प्रश्न विचारावेत, पण त्यांच्या उत्तरांची सरमिसळ करू नये. दुसरी, उच्चार आणि क्रियापद यांचे महत्त्व वेगवेगळ्या प्रतीचे आहे. उत्तर कोकणातील आगरी बोलीत ळकाराच्या जागी लकार आणि णकाराच्या जागी नकार येतो, त्यामुळे 'गौळण' हा शब्द 'गवलन' असा ऐकू येईल. बोलीच्या अभ्यासकाने तो तसाच नोंदवावा. लोककलेच्या इतिहासकाराने तो रूढ लेखनात आणला, तर त्याच्या पुराव्यास बाध येत नाही. क्रियापदाचा काळ, प्रयोग आणि वचन बदलण्याची सवलत मात्र दोघांपैकी कोणासही नाही. तिसरी, मूळ ध्वनिमुद्रण आणि त्याचे अक्षरशः केलेले लेखन ही दोन्ही जपून ठेवावीत, आणि वाचनीय मसुदा त्यांहून निराळा करावा.

या सूचनांस आज एक तातडी आहे. मार्च २०२०नंतर कोविडच्या साथीमुळे फडांचे हंगाम बंद पडले. त्या काळात आणि त्यानंतर पुष्कळ जुने रसिक निवर्तले. जे हयात आहेत त्यांच्याकडे विद्यार्थी जातात, ऐकतात, आणि परत येऊन सुबोध प्रमाण मराठीत 'पूर्वी या भागात तमाशे होत असत' असा परिच्छेद लिहितात. तो परिच्छेद चुकीचा नसतो. परंतु पाहणारा, ऐकणारी आणि नुसते कानावर आलेले सांगणारा, हे तिघे त्यात एक होऊन जातात, आणि एकदा एक झालेले पुन्हा वेगळे करता येत नाहीत. मूळ क्रियापदे जपली, तर निदान हे तिघे कोण होते, हे पुढच्या अभ्यासकास विचारता तरी येईल.