तात्यापाऱ्याची यादी मोबाइलच्या पडद्यावर

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसे येत राहिली, आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. समजा, या कुटुंबांची संपर्कयादी अँड्रॉइड अ‍ॅपवर आणायची आहे. प्रत्येक ओळीत फोटो, नाव, रक्तगट आणि फोन. बोटाने वर-खाली सरकणारी ही यादी कशात बांधावी?

स्क्रोलव्ह्यू, लिस्टव्ह्यू, रिसायकलरव्ह्यू आणि कंपोज या अँड्रॉइडच्या नव्या साधनसंचातला लेझीकॉलम, अशी चार नावे समोर येतात. नवे ते चांगले, या हिशेबाने निवड करू नये. आधी विचारावे: ओळी किती आहेत, आणि पुढे वाढणार आहेत का?

कार्यकारिणीची दहा-बारा नावे दाखवायची असतील तर साधा स्क्रोलव्ह्यू पुरतो. तिथे जास्त यंत्रणा उभारणे म्हणजे वेळ वाया घालवणे. पण हजार कुटुंबे झाली की चित्र पालटते. पडद्यावर एका वेळी आठच ओळी दिसत असल्या, तरी स्क्रोलव्ह्यू उघडतानाच सगळ्या हजार ओळी तयार करतो. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगत असेल, तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम आटोपले नाही की यादी अडखळते.

यावरचा उपाय रहाटगाडग्यासारखा आहे. गाडगी मोजकीच, रिकामे झालेले गाडगे खाली जाऊन पुन्हा भरून येते. वरून पडद्याबाहेर गेलेली ओळ मोडायची नाही, तीच खालून नव्या कुटुंबाची माहिती भरून आणायची. लिस्टव्ह्यूमध्ये ही सोय २००८ पासून होती, पण जुनी ओळ वापरायची की नाही आणि तिच्यातले भाग हाताशी ठेवायचे की नाही, हे प्रोग्रॅमरवर सोडलेले होते. २०१४ मध्ये आलेल्या रिसायकलरव्ह्यूने ओळीतले भाग हाताशी ठेवणारा व्ह्यूहोल्डर सक्तीचा केला. नुकत्याच बाहेर गेलेल्या दोन ओळी रिसायकलरव्ह्यू जशाच्या तशा जवळ ठेवतो, त्यामुळे बोट जरासे मागे नेले तर त्या पुन्हा भराव्या लागत नाहीत. त्यापलीकडच्या ओळी साठ्यात जातात. ओळीच्या प्रत्येक प्रकारासाठी तिथे मुळात पाच जागा असतात.

नवशिक्याला सर्वाधिक छळणारी चूक इथेच होते. रक्तदात्याच्या ओळीवर लाल खूण दाखवली, पण बाकीच्यांसाठी ती पुसण्याची आज्ञा लिहिली नाही, तर वापरलेल्या ओळीबरोबर खूणही फिरते आणि भलत्याच घरापुढे दिसते. रक्तगटाच्या यादीत असे होणे गंभीर आहे. म्हणून ओळ भरताना ‘असेल तर दाखव’ आणि ‘नसेल तर लपव’ या दोन्ही आज्ञा लिहायच्याच. फोटोचेही तसेच: उशिरा उतरलेला फोटो तोवर दुसऱ्याची झालेल्या ओळीत बसू नये, म्हणून आधीची मागणी रद्द करावी.

नवे अ‍ॅप कोटलिन भाषेत लिहीत असाल, तर मी लेझीकॉलम घ्यायला सांगेन. कंपोजची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ मध्ये आली. माहिती ओळींपर्यंत पोचवणाऱ्या अडॅप्टरचा पसारा तिथे नाही. मात्र प्रत्येक ओळीला कुटुंबाचा कायमचा क्रमांक किल्ली म्हणून द्यावा. नाही तर ओळीची अवस्था जागेशी बांधली जाते, आणि वर नवे कुटुंब आले की उघडून ठेवलेला तपशील शेजारच्याच्या नावाखाली जातो. चालू अ‍ॅपमध्ये रिसायकलरव्ह्यू नीट चालत असेल, तर तो उगाच बदलू नये.

आणखी एक सापळा: उभ्या स्क्रोलमध्ये उभी यादी ठेवू नये. लेझीकॉलम उंचीची मर्यादा न मिळाल्याने अ‍ॅपच बंद पाडतो. रिसायकलरव्ह्यू बंद पडत नाही, पण सगळ्या ओळी एकदम भरतो, आणि मग त्याचा उपयोगच उरत नाही. म्हणून वरचा मथळा वेगळा न ठेवता यादीचीच पहिली ओळ करावा.

अक्षरवार मथळे हवेत तर रायपुरात एक प्रश्न हमखास येईल. मराठी वर्णमाला पाठ असलेली आजी ‘क्षीरसागर’ शेवटी शोधेल, हिंदी शब्दकोशाची सवय असलेला नातू ‘क’मध्ये. युनिकोडचा साधा क्रम नातवाच्या बाजूने आहे. आजीसाठी मराठीचा वर्णक्रम मुद्दाम सांगावा लागतो. शोधपेटी दिली की दोघांचेही काम होते.

फ्लटर या दुसऱ्या साधनसंचात हीच निवड लिस्टव्ह्यू आणि लिस्टव्ह्यू.बिल्डर यांत करावी लागते, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये स्क्रोलव्ह्यू आणि फ्लॅटलिस्ट यांत. कसोटी तीच. आणि वेग तपासायचा तो रिलीज बिल्डवर, घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर. कंपोजची डीबग आवृत्ती मुळातच संथ चालते.