भरतीच्या मैदानावर पायात काय घालावे?

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, याला २० गुण. १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे दम, वेग आणि ताकद या तिन्हींची कसोटी.

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली त्यासाठी पहाटे मैदान गाठतात. क्लास, पुस्तके, खुराक यांची चर्चा घरात होते. बुटांची होत नाही. मोठ्या भावाचे जुने किंवा बाजारात स्वस्त मिळाले ते बूट पायात चढतात. मग नडगी दुखते, टाच ठणकते, नख काळे पडते आणि ऐन वेळी सराव बंद पडतो. भरती दरवर्षी निघेलच असे नाही. वय मात्र थांबत नाही. म्हणून आम्ही बुटांना चैन मानत नाही.

धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. तो झेलायला टाचेखाली मऊ थर हवा. गोळाफेकीत उलटे असते. मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा गोळा ढकलताना पाय जमिनीवर घट्ट रोवावा लागतो. तळ फार जाड व मऊ असेल तर पाय डगमगतो, घोटा मुरगळतो. मोठ्या शहरांत आता ‘हायरॉक्स’सारख्या शर्यती होतात. त्यांत एक किलोमीटर धावणे आणि मग एक कसरत, असे आठ वेळा करायचे असते. तिथेही हीच अडचण येते. एकच जोड घ्यायचा असेल तर मध्यम जाडीचा, रुंद तळाचा, चांगली पकड असलेला घ्यावा.

दुकानात हे तपासा :

• संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. सरावाचेच मोजे घाला.

• दोन्ही बूट घालून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन पायांत फरक असल्यास मोठ्या पायाचे माप घ्या.

• बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या.

• चालताना टाच सुटू नये. एका पायावर उभे राहा, दोन बैठका मारा. तोल जाऊ नये.

मुलींची टाच बहुधा अरुंद असते. भावाच्या बुटात ती घसरते आणि फोड येतात. मुलीचे माप वेगळे घ्या. जुना जोड टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कललेला असेल तर त्यावर धावू नये. नवा जोड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दोन-तीन आठवडे आधी वापरात आणा. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.

नडगीवर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, बसल्या जागीही कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. गोळी घेऊन धावू नका.

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंक्रमण करून त्यांचे पाय रक्तबंबाळ झाले. भगवंतांनी त्यांना वीणेचा दाखला दिला, तार अति ताणू नये, अति सैलही नको; आणि पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली. सोण म्हणाले, संघाला मिळत असेल तरच मी घेईन. तेव्हा ती सर्व भिक्खूंना मिळाली.

निवड झालेल्यांचा आपण विहारात शाल देऊन सत्कार करतोच. त्याआधी, सरावाच्या दिवसांत, ज्यांना परवडत नाही त्यांना मापाचे बूट मिळवून देता येतील. वस्तीतल्या मंडळांनी हे दान मनावर घ्यावे, ही आमची विनंती.

जय भीम!